डॉ. जेकिल व मि. हाइड : पात्र, निवेदन आणि नेणीव

१

रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन याची ‘स्ट्रेंज केस ऑफ डॉक्टर जेकिल अँड मिस्टर हाइड’ ही छोटी कादंबरी लंडनच्या लाँगमन्स, ग्रीन आणि कंपनीने जानेवारी १८८६ मध्ये प्रसिद्ध केली. फ्रॉइडचा स्वप्नमीमांसेवरील ग्रंथ नोव्हेंबर १८९९ मध्ये बाहेर पडला. आणि मनाच्या ज्या आदिम, वासनामय थराला आज ‘इड’ या नावाने ओळखले जाते त्याचे विवेचन करणारा त्याचा ग्रंथ १९२३ मधील आहे. या तीन सनांकडे नुसते पाहिले तरी एका रूढ समीकरणाविषयी शंका उत्पन्न व्हावी. ते समीकरण असे की, जेकिल म्हणजे माणसाचे जाणते मन आणि हाइड म्हणजे त्याचे अबोध मन. पाठ्यपुस्तकांतून, चित्रपटांच्या परीक्षणांतून आणि सर्वसामान्य बोलण्यातून हे समीकरण इतके रुळले आहे की, मूळ कादंबरी न वाचलेल्या माणसालाही ते पाठ असते.

कालविपर्यासाचा आक्षेप घेऊन एवढ्यावरच हा प्रश्न निकालात काढणे मात्र योग्य होणार नाही. शास्त्राने ज्याला मागाहून नाव दिले ते वाङ्मयाने आधी पाहिले असणे अशक्य नसते. यास्तव या समीकरणाची परीक्षा कादंबरीच्या संहितेतच केली पाहिजे. ही परीक्षा केवळ परिभाषेपुरती नाही. हाइड हे जर खरोखरच जेकिलच्या नेणिवेचे रूप असेल, तर हाइडने केलेल्या खुनाबद्दल जेकिलला कितपत जबाबदार धरावयाचे, हा प्रश्न उभा राहतो. आणि त्याचे उत्तर जसे दिले जाईल तसा या कथेचा नैतिक अर्थ बदलेल. स्टीव्हन्सनने १८७५ मध्ये स्कॉटलंडमध्ये वकिलीची सनद घेतली होती. व्यवसाय म्हणून वकिली त्याने फारशी केली नाही. परंतु साक्ष, कबुलीजबाब आणि उत्तरदायित्व हे शब्द त्याच्या लेखी पोकळ नव्हते.

द्विधा व्यक्तिमत्त्वाचा विषय त्या काळात सर्वत्र चर्चिला जात होता. तथापि त्या चर्चेतील विस्मृतीचा जो प्रमुख घटक, तो स्टीव्हन्सनच्या कथेत आढळत नाही. त्यामुळे नेणीव हाइडच्या पात्रात उरत नाही. ती कथेच्या निवेदनात, म्हणजे ही कथा जे सांगतात आणि जे ऐकतात त्यांच्या मौनात, जाऊन बसते. हे प्रतिपादन पुढील विवेचनात तपासून पाहावयाचे आहे.

२

‘नेणीव’ हा शब्द जुन्या मराठीत अज्ञान या अर्थी येतो. आधुनिक समीक्षेत तो ‘अबोध मन’, ‘सुप्त मन’ यांच्या जोडीला योजला जातो, आणि त्यामुळे पुष्कळदा तीन निरनिराळ्या कल्पना एकाच शब्दाखाली गोळा होतात. त्या येथे वेगळ्या करणे अवश्य आहे.

पहिली कल्पना विल्यम कार्पेंटर या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाची. मेंदूचे पुष्कळसे कार्य जाणिवेच्या प्रकाशाबाहेर चालते, असे त्याचे म्हणणे होते. विसरलेले नाव आठवण्याचा प्रयत्न सोडून माणूस दुसऱ्या कामाला लागला म्हणजे ते नाव आपोआप वर येते, हे याचे घरगुती उदाहरण. १८७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या मानसिक शरीरशास्त्रावरील ग्रंथाने ही कल्पना सुशिक्षित इंग्रज वाचकांपर्यंत पोहोचविली. त्याच सुमारास एडुआर्ट फॉन हार्टमान या जर्मन तत्त्वज्ञाच्या १८६९ मधील ग्रंथामुळे ‘अचेतन’ ही संज्ञा युरोपभर गाजू लागली होती. मात्र हार्टमानचे अचेतन हे विश्वाच्या बुडाशी असलेले तत्त्व होते, एखाद्या रुग्णाचे मन नव्हे.

दुसरी कल्पना फ्रेंच वैद्यांची. बोर्दो येथील डॉक्टर अझाम याने फेलिदा नावाने ओळखल्या गेलेल्या एका शिवणकाम करणाऱ्या स्त्रीचे निरीक्षण १८५८ पासून केले आणि १८७६ मध्ये त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. तिच्या दोन अवस्था होत्या. पहिलीत ती खिन्न व अबोल असे, दुसरीत हसतमुख आणि मोकळी. दुसऱ्या अवस्थेत तिला दोन्हींचे स्मरण असे. पहिल्या अवस्थेत मात्र दुसरीचा मागमूसही नसे. दुसऱ्या अवस्थेत ती गरोदर राहिली, तेव्हा पहिल्या अवस्थेत परतल्यावर आपल्या शरीराला काय झाले आहे हे तिला कळेना. रोशफोर येथील बुर्यू आणि ब्युरो या वैद्यांनी १८८५ च्या सुमारास अभ्यासिलेला लुई विव्हे हा तरुण याहून अधिक गुंतागुंतीचा होता. एका अवस्थेत तो भांडखोर व चोरटा, दुसरीत सौम्य व आज्ञाधारक. आणि अवस्थेबरोबर त्याचे स्मरण आणि शरीराच्या निरनिराळ्या भागांची संवेदनाही बदलत असे. या दोन्ही वृत्तांतांचा कणा एकच आहे. दोन व्यक्तिमत्त्वांमध्ये विस्मृतीची भिंत असते, आणि त्या भिंतीमुळेच ती ‘दोन’ ठरतात.

तिसरी कल्पना फ्रॉइडची. मनाला जे असह्य वाटते ते मनच दडपून टाकते, आणि ते दडपलेले स्वप्नात, बोलण्यातील चुकांत, रोगलक्षणांत वेष बदलून परत येते. ही कल्पना १८८५ मध्ये अस्तित्वात नव्हती.

याखेरीज इंग्लंडमध्ये आणखी एक विचार प्रचलित होता. मेंदूचे दोन गोलार्ध म्हणजे वस्तुतः दोन मेंदू होत, आणि त्यांचा मेळ बिघडला म्हणजे माणूस दोन मनांचा होतो, असे आर्थर विगन याने १८४४ मध्ये प्रतिपादिले होते. ‘कॉर्नहिल मॅगझिन’मध्ये १८७५ साली या विषयावर रिचर्ड प्रॉक्टर याचा लेख आला. त्याच दशकात त्याच मासिकात स्टीव्हन्सनचे निबंध छापले जात होते.

३

या सामग्रीपैकी स्टीव्हन्सनला प्रत्यक्ष काय ठाऊक होते? याविषयी दोन साक्षी उपलब्ध आहेत, आणि त्या परस्परविरुद्ध आहेत. त्याची पत्नी फॅनी हिने पतीच्या मृत्यूनंतर, विसाव्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या एका प्रस्तावनेत म्हटले आहे की, एका फ्रेंच शास्त्रीय नियतकालिकातील उपजाणिवेवरील लेखाचा त्याच्या मनावर खोल ठसा उमटला होता आणि त्यातूनच या कल्पनेचे बीज पडले. उलट स्टीव्हन्सनने १८९३ मध्ये एका मुलाखतीत सांगितले की, पुस्तक लिहिण्यापूर्वी त्याने अशा एकाही प्रत्यक्ष रुग्णाविषयी ऐकले नव्हते. लुई विव्हेची हकीगत पुस्तक प्रसिद्ध झाल्यावर फ्रेडरिक मायर्स याने कळविली. मायर्स हा १८८२ मध्ये स्थापन झालेल्या मानसिक संशोधन संस्थेचा एक प्रमुख सभासद. त्याने फेब्रुवारी १८८६ मध्येच स्टीव्हन्सनला पत्र लिहून कथेतील मानसशास्त्रीय तपशिलांबाबत दुरुस्त्या सुचविल्या होत्या, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस बहुविध व्यक्तिमत्त्वावर स्वतःचा लेख प्रसिद्ध केला.

दोन्ही साक्षी घटनेनंतर काही वर्षांनी दिलेल्या असल्यामुळे कोणतीच निर्णायक मानता येत नाही. विषय समकालीन होता एवढ्यावरून ऋण सिद्ध होत नाही. मात्र स्टीव्हन्सनच्या जवळ दुसरा एक वारसा निःसंशय होता. एडिंबरोचा विल्यम ब्रॉडी हा दिवसा प्रतिष्ठित सुतारकारखानदार आणि नगरसभेचा सदस्य. रात्री तो टोळीसह घरफोड्या करी. १७८८ मध्ये तो फाशी गेला. त्याने बनविलेले एक कपाट स्टीव्हन्सनच्या बालपणीच्या खोलीत होते, आणि हेन्लीच्या सहकार्याने त्याने ब्रॉडीवर नाटकही लिहिले. ब्रॉडीच्या कथेत रोग नाही, आणि विस्मृती तर नाहीच. रात्रीचा ब्रॉडी दिवसाच्या ब्रॉडीला पूर्णपणे ओळखतो. फेलिदा आणि ब्रॉडी या दोन नमुन्यांपैकी जेकिल कोणाच्या जवळचा, हे पुढे दिसून येईल.

कथेच्या जन्माची हकीगत स्टीव्हन्सनने ‘अ चॅप्टर ऑन ड्रीम्स’ या जानेवारी १८८८ मधील निबंधात सांगितली आहे. माणसाच्या द्विधा अस्तित्वावर कथा लिहावयाची असे त्याच्या मनात पुष्कळ दिवस होते. तसा एक प्रयत्न फसलाही होता. १८८५ च्या शरदात बोर्नमथ येथे आजारी असताना, पैशाची निकड असल्यामुळे, दोन दिवस तो कथानकासाठी डोके खाजवीत राहिला. दुसऱ्या रात्री त्याला स्वप्नात खिडकीचा प्रसंग दिसला, आणि पाठलाग होत असलेला हाइड पूड घेऊन पाठलाग करणाऱ्यांच्या समोरच पालटतो तो प्रसंगही दिसला. आपल्या झोपेत काम करणाऱ्या शक्तींना तो स्कॉटिश लोककथांतील ‘ब्राउनी’ हे नाव देतो. रात्री घरातील माणसे निजल्यावर गुपचूप कामे उरकून ठेवणारे हे छोटे घरभूत. कार्पेंटरच्या ‘जाणिवेबाहेरील मेंदूच्या कार्याला’ याहून समर्पक लोकभाषेतील नाव सापडणे कठीण.

या निबंधातील वाटणी फार महत्त्वाची आहे. काही प्रसंग, आणि स्वेच्छेने होणारे रूपांतर पुढे इच्छेविरुद्ध होऊ लागते ही मध्यवर्ती कल्पना, हे ब्राउनींचे. पात्रे, पार्श्वभूमी आणि कथेचा नैतिक अर्थ हे आपले जागेपणीचे, असे तो सांगतो. पुडीचा जो भाग टीकाकारांना खटकला, ज्यावर हेन्री जेम्सनेही १८८८ मध्ये आक्षेप घेतला, तो भागही तो ब्राउनींच्याच माथी मारतो. म्हणजे आज ज्याला विज्ञानकथेचे उपकरण म्हटले जाईल ते स्वप्नातून आले, आणि ज्याला स्वप्नाचा अर्थ म्हटले जाईल तो जागेपणी घडविला गेला. रूढ समजुतीच्या हे अगदी उलट आहे.

जागेपणीच्या या कामाचा आणखी एक पुरावा आहे. स्टीव्हन्सनचा चरित्रकार ग्रॅहम बॅल्फर याने १९०१ मध्ये नोंदविल्याप्रमाणे, पहिल्या खर्ड्यात जेकिल मुळापासूनच दुष्ट होता आणि हाइडचे रूप हे केवळ वेषांतर होते. फॅनीने आक्षेप घेतला की, हे रूपक असावयास हवे होते आणि लेखकाने साधी गोष्ट लिहिली. स्टीव्हन्सनने तो खर्डा जाळला आणि पुन्हा लिहिला. तीन दिवसांत हे लेखन झाले ही कथा प्रसिद्ध आहे. तथापि उरलेल्या हस्तलिखितांच्या तुकड्यांवरून पुनर्लेखनाचे काम काही आठवडे चालले होते असे दिसते.

४

आता पात्राकडे वळावे. जेकिल हा सज्जन आणि हाइड हा दुर्जन, ही विभागणी कादंबरीत नाही. जेकिलच्या अखेरच्या निवेदनानुसार औषधाच्या प्रभावाने एक निखळ दुष्ट मनुष्य वेगळा झाला, परंतु उरलेला जेकिल पूर्वी जसा मिश्र होता तसाच राहिला. औषध स्वतः ना दैवी ना आसुरी. ते घेण्याच्या क्षणी जी वृत्ती जागी होती ती बाहेर पडली; हेतू उदात्त असता तर देवदूतही बाहेर पडला असता, असे जेकिलच म्हणतो. नाबोकोव्हने आपल्या विद्यापीठीय व्याख्यानांत, जी १९८० मध्ये पुस्तकरूपाने आली, याच मुद्द्यावर बोट ठेवले आहे. जेकिल हे शुभाशुभाचे मिश्रण आहे, आणि हाइडच्या अवस्थेतही जेकिलचा अंश भोवती घोटाळत राहतो.

याहून निर्णायक विधान स्मरणाविषयीचे आहे. आपल्या दोन्ही स्वभावांना स्मृती समाईक होती, असे जेकिल स्पष्टपणे लिहितो. इतर शक्ती विषम वाटल्या गेल्या होत्या, स्मृती मात्र दोघांची एकच. हाइड रस्त्यावर काय करतो हे जेकिलला सकाळी आठवते. जेकिलचे घर, नोकर, हस्ताक्षर हाइडला ठाऊक असते. हाइडची सही म्हणजे जेकिलचेच अक्षर उलट्या बाजूला कलवून काढलेले. फेलिदाच्या दोन अवस्थांमध्ये जी भिंत होती ती येथे मुळी उभारलेलीच नाही. दुसऱ्या अर्थाने पाहिले तर हाइड ही नेणीव ठरत नाही. तिसऱ्या, म्हणजे फ्रॉइडच्या अर्थानेही ठरत नाही, कारण जेकिलने आपल्या वासना दडपून विसरल्या नव्हत्या. त्या त्याला पूर्ण ठाऊक होत्या. त्याने त्या फक्त लोकांपासून लपविल्या होत्या. स्वतःपासून दडपणे आणि लोकांपासून लपविणे या दोन गोष्टींतील अंतर म्हणजेच रोग आणि दंभ यांतील अंतर होय. जेकिल हा या बाबतीत फेलिदाचा नव्हे, ब्रॉडीचा वंशज आहे.

मग औषधाचे प्रयोजन काय? ब्रॉडीला अंधार पुरत असे. जेकिलला रसायन लागते. कारण त्याला पकडले जाण्याच्या भयाबरोबर अपराधाच्या जाणिवेपासूनही सुटका हवी आहे. अपराधी हाइड आहे, फक्त हाइडच, असे तो स्वतःला सांगतो. स्मृती समाईक असताना हा युक्तिवाद टिकत नाही, आणि तो टिकत नाही हे त्याला माहीत आहे. विज्ञानाकडून त्याने खरोखर मागितले ते हेच : कृत्य ठाऊक असावे, पण ते आपले नसावे. या मागणीत कादंबरीचा सगळा नैतिक ताण साठला आहे. हाइडला अबोध मन ठरविणारा समीक्षक नकळत जेकिलचाच बचाव पुढे चालवीत असतो.

मात्र एका ठिकाणी पहिल्या, म्हणजे कार्पेंटरच्या अर्थाने नेणीव पात्रातही शिरते. प्रथम रूपांतर औषधाने आणि स्वेच्छेने होते. पुढे एके सकाळी जेकिल स्वतःच्या अंथरुणात जागा होतो, आणि पांघरुणावरील हात हाइडचा असतो. रूपांतर झोपेत घडले आहे. त्यानंतर रीजंट्स पार्कमधील बाकावर, आपण इतरांपेक्षा काही वाईट नाही असा आत्मसंतुष्ट विचार मनात येताक्षणी, दिवसाढवळ्या ते पुन्हा घडते. सवय जशी प्रथम जाणीवपूर्वक लागते आणि नंतर जाणिवेची वाट पाहत नाही, तसे हे आहे. स्टीव्हन्सनला ब्राउनींनी दिलेली कल्पना हीच. हाइड अज्ञातातून आलेला नाही. ज्ञात आणि निवडलेला दुराचारच पुढे जाणिवेच्या ताब्यातून निसटला आहे.

५

नेणिवेचे खरे स्थान शोधावयाचे तर कादंबरीच्या रचनेकडे पाहिले पाहिजे. पुस्तकाची प्रकरणे दहा आहेत. पहिली आठ तृतीयपुरुषी असून बहुतांशी अटर्सन या सॉलिसिटरच्या दृष्टीने सांगितलेली आहेत. नववे प्रकरण डॉ. लॅन्यन याचा लेखी वृत्तांत. दहावे जेकिलचे स्वतःचे निवेदन. शीर्षकात ‘केस’ हा शब्द आहे, आणि प्रकरणांच्या नावांत शोध, घटना, वृत्तांत, निवेदन असे शब्द येतात. न्यायालयातील किंवा रुग्णालयातील कागदपत्रांचे गाठोडे सोडावे तशी ही कथा उलगडते. पुढील काळातील संज्ञाप्रवाही कादंबरी, जिचा मराठीतील परिचित नमुना म्हणजे मर्ढेकरांची ‘रात्रीचा दिवस’ (१९४२), मनाच्या आत शिरून त्याची गती शब्दांत पकडू पाहते. स्टीव्हन्सनची रीत याच्या नेमकी उलट आहे. तो मनाच्या बाहेर, दाराशी उभा राहतो. पहिल्या प्रकरणाचे नावही दाराचीच गोष्ट असे आहे.

त्या दाराशी जे उभे असतात ते सर्व सभ्य, अविवाहित, मध्यमवयीन पुरुष आहेत, आणि विचारावयाचे नाही हा त्यांचा शिष्टाचार आहे. एनफील्ड आपल्या नातलगाला, म्हणजे अटर्सनला, हाइडने एका लहान मुलीला तुडविल्याची हकीगत सांगतो; प्रकरण जितके संशयास्पद तितके आपण कमी विचारतो, हा आपला नियम असल्याचे तो म्हणतो; आणि दोघेही या विषयावर पुन्हा बोलावयाचे नाही असे ठरवून हस्तांदोलन करतात. लॅन्यन जे पाहतो ते लखोट्यात मोहोरबंद करतो, आणि जेकिल मरेपर्यंत किंवा नाहीसा होईपर्यंत तो उघडू नये असे आतल्या लखोट्यावर लिहितो. खिडकीशी बसलेल्या जेकिलच्या चेहऱ्यावर एकाएकी भय पसरते आणि खिडकी बंद होते, तेव्हा एनफील्ड आणि अटर्सन मुकाट्याने चालू लागतात. स्वप्नातून आलेल्या प्रसंगांपैकी हा एक. आणि त्याचा शेवट मौनात व्हावा हे अर्थपूर्ण आहे.

अटर्सनजवळ पुरावा कमी नसतो. जेकिलचे मृत्युपत्र त्याच्याच तिजोरीत आहे, आणि जेकिलचा मृत्यू झाल्यास किंवा तो तीन महिन्यांहून अधिक काळ बेपत्ता राहिल्यास सर्व मालमत्ता हाइडला मिळावी असे त्यात लिहिलेले आहे. पार्लमेंटचे सभासद सर डॅन्व्हर्स केर्यू यांचा ज्या काठीने खून झाला ती अटर्सननेच पूर्वी जेकिलला भेट दिली होती, आणि तिचा मोडका तुकडा पाहताच तो ती ओळखतो. त्याचा कारकून गेस्ट हा हस्ताक्षरांचा जाणकार. जेकिल व हाइड यांची अक्षरे पुष्कळ बाबतींत एकसारखी असून फक्त त्यांचा कल वेगळा आहे, असे तो दाखवून देतो. यावरून अटर्सन अनुमान काढतो ते असे की, जेकिलने खुन्यासाठी खोटे पत्र लिहिले. प्रत्येक वेळी सत्य हाताशी येते, आणि प्रत्येक वेळी त्याच्या जागी दुसरे एखादे प्रतिष्ठित जगाला समजेल असे स्पष्टीकरण बसविले जाते : प्रथम जुन्या पापावरून चाललेली पैशाची उकळणी, मग खोटे दस्तऐवज, आणि अखेरीस बटलर पूल घाबरून बोलावण्यास येतो तेव्हा शरीर विद्रूप करणारा एखादा रोग.

फ्रॉइडने ज्याला पुढे दडपणूक म्हटले तिच्याशी साम्य असलेली क्रिया या पुस्तकात कोठे असेल, तर ती येथे आहे. अटर्सनला जाणीव होऊ शकते. तो होऊ देत नाही. याचे प्रत्यंतर त्याच्या स्वप्नात मिळते. एनफील्डची हकीगत ऐकल्यानंतर त्याला रात्री एक आकृती दिसते. ती शहरातून सरकत जाते, मुलीला तुडविते, आणि मित्राच्या शयनगृहात शिरून पलंगाचा पडदा बाजूला सारते. त्या आकृतीला चेहरा नाही. स्वप्नाने हाइडला नेमके जेकिलच्या अंथरुणाशी नेऊन उभे केले आहे. जागेपणी मात्र अटर्सन हे दोन चेहरे एकत्र आणू शकत नाही. हाइडची गाठ पडल्यानंतर तो स्वतःच्या गतायुष्याकडे वळतो, आणि त्यातील एखादे जुने पाप अकस्मात उसळून वर येईल की काय याची धास्ती घेतो. मित्राविषयी न विचारण्याचे कारण स्वतःविषयी न विचारण्यात आहे, हे येथे सूचित झाले आहे.

हाइडचे वर्णनही कोणालाच करता येत नाही, हे या दृष्टीने पाहावे. ज्यांनी त्याला पाहिले त्या सर्वांना त्याच्यात काही व्यंग असल्याचा भास होतो. व्यंग कोणते हे एकालाही सांगता येत नाही. दोष पाहण्याच्या वस्तूत असण्यापेक्षा पाहणाऱ्यांच्या भाषेत आहे. ज्यासाठी सभ्य समाजाने शब्दच ठेवला नाही ते दिसले तरी सांगता येत नाही.

६

अखेरच्या प्रकरणाच्या नावात निवेदन ‘पूर्ण’ असल्याची ग्वाही आहे. ती ग्वाही पाळली जात नाही. तरुणपणीची जी सुखे लपविण्यासाठी जेकिलने एवढा खटाटोप केला ती कोणती, हे तो कोठेही सांगत नाही. समीक्षकांनी ही रिकामी जागा आपापल्या तर्काने भरली आहे. परंतु ती रिकामी ठेवण्यात जेकिलची सवय दिसते, हे अधिक महत्त्वाचे. कबुलीजबाब देतानाही तो सभ्य गृहस्थच राहतो.

या प्रकरणातील सर्वनामांचा उपयोग सूक्ष्मपणे तपासण्यासारखा आहे. आरंभी ‘मी’ म्हणजे जेकिल. औषध प्यायल्यानंतर ‘मी’ म्हणजे हाइड; त्या पहिल्या रात्री आरशात दिसणारे रूपही आपलेच, असे तो मान्य करतो. केर्यूच्या खुनाचे वर्णनही प्रथमपुरुषीच आहे. पुढे, रीजंट्स पार्कमधील रूपांतरानंतर हाइड हॉटेलात लपून बसतो तेव्हा, निवेदन एकाएकी तृतीयपुरुषी होते, आणि निवेदक थांबून कबूल करतो की, त्याच्याविषयी आता ‘मी’ म्हणवत नाही. खून करताना ‘मी’ होता. भय वाटू लागल्यावर ‘तो’ झाला. व्याकरणातील हा पालट म्हणजे अंतर्यामीच्या भेदाचा पुरावा मानला जातो. वस्तुतः तो बचावाचा शेवटचा प्रयत्न आहे, आणि तो यशस्वी होत नाही. कारण ‘तो’ म्हणून ज्याचे भय सांगितले जाते त्याच्या मनातील प्रत्येक विचार लिहिणाऱ्याला ठाऊक आहे.

कादंबरीचा शेवटही याच दृष्टीने विचारात घ्यावा. मूळ क्षाराचा साठा संपतो. नव्याने आणविलेल्या क्षाराने काम होत नाही. पहिला साठाच अशुद्ध असावा आणि त्या अज्ञात भेसळीतच गुण असावा, असा निष्कर्ष जेकिल काढतो. शास्त्रज्ञाला आपल्या शोधाचे कारणच ठाऊक नव्हते. निवेदन संपताना तो आपल्या जीवनाचा शेवट झाल्याचे नोंदवितो. हाइड पुढे काय करील हे आपल्याला ठाऊक नाही आणि त्याची पर्वाही नाही, असे लिहून लेखणी ठेवतो. कथा पुन्हा अटर्सनकडे परतत नाही. कागद वाचून त्याने काय केले, हे सांगितलेले नाही. साक्षी संपल्या, पण निकाल दिला गेला नाही. तो वाचकावर सोपविला गेला.

७

एक शिलिंग किमतीचे हे पुस्तक इंग्लंडमध्ये सहा महिन्यांत सुमारे ४०,००० प्रतींनी खपले. त्या पहिल्या वाचकांना जेकिल आणि हाइड ही एकच व्यक्ती आहे हे आठव्या प्रकरणापर्यंत माहीत नव्हते. अटर्सनप्रमाणेच तेही चुकीची अनुमाने काढीत होते, आणि लॅन्यनचा लखोटा उघडल्यावर त्यांनाही आपल्या आंधळेपणाची लाज वाटली असेल. हा अनुभव फार दिवस टिकला नाही. मे १८८७ मध्ये बॉस्टन येथे रिचर्ड मॅन्सफील्डने नाट्यरूपांतर रंगभूमीवर आणले, आणि ऑगस्ट १८८८ मध्ये ते लंडनला आले. रंगभूमीवर एकाच नटाने प्रेक्षकांसमोर पालटणे हेच मुख्य आकर्षण ठरले. जेकिलला एक वाग्दत्त वधू मिळाली, तो सद्गुणी झाला, आणि अटर्सन मागे पडला. चित्रपटांनी हाच मार्ग धरला. रूबेन मामूलियनने १९३१ मधील चित्रपट थेट जेकिलच्या डोळ्यांतून सुरू केला. १९४१ मधील व्हिक्टर फ्लेमिंगच्या चित्रपटात रूपांतराच्या वेळी फ्रॉइडच्या धर्तीची स्वप्नदृश्ये आली.

रूढ समीकरणाचा उगम या परंपरेत आहे. निवेदक नाहीसे झाले, कागदपत्रे गेली, मौन गेले. उरले ते एक शरीर आणि त्यातील दोन माणसे. ज्या नेणिवेला मूळ कादंबरीत अनेक माणसांचे आश्रयस्थान होते तिला हाइडच्या शरीरात कोंडल्यावर प्रेक्षक निर्धास्तपणे बघ्याच्या भूमिकेत बसू शकला.

स्टीव्हन्सनच्या कथेचे ऐतिहासिक महत्त्व तिने फ्रॉइडला आधीच गाठले यात नाही. तिने आपल्या काळातील द्विधा व्यक्तिमत्त्वाच्या चर्चेला एक अडचणीचा प्रश्न विचारला : दोन्ही अवस्थांना एकच स्मृती असेल तर ‘ते कृत्य माझे नव्हे’ असे म्हणण्याचा अधिकार कोणाला? त्या प्रश्नाचे उत्तर जेकिल टाळतो, लॅन्यन लखोट्यात बंद करतो, आणि अटर्सन समोर पुरावा असूनही वाचीत नाही. जेकिलला जे ठाऊक होते ते त्याने सांगितले नाही. इतरांना जे दिसत होते ते त्यांनी जाणून घेतले नाही. या दोन नकारांच्या मधल्या जागेत हाइड सुखाने वावरला, आणि ती जागा मनोविकृतीच्या क्षेत्रापेक्षा सभ्यतेच्या क्षेत्रात अधिक मोडते.